हिरव्या पाळन्याची कडी तपासा

बायांनो, ही चिठ्ठी वाचून लगेच शेजारच्या घरी द्या. मी सांगतली, शेजारच्या पोरीनं लिहून देली.

आज सकाळी माह्या चार महिन्यांच्या पोरीचा पाळना कडी तुटून खाली पडला. खाली गोधड्यांचा ढीग होता म्हनून वाचली. कडी पाह्यली तं लोखंडाले जुनी चीर, तिच्यात लाख भरलेली अन् वरून हिरवा रंग. बारशाले हिरवा शुभ म्हनून आपन साऱ्यांनी एकाच दुकानातून तसाच पाळना घेतला, रंगाखाली कोनी पाह्यलं नाई.

पोरीले कडेवर घेऊन मी मोर्ना नदीपल्याड जुन्या शहरात त्या दुकानात गेली. पाळनेवाला म्हने, "झोका जोरात देला असन, बाई. अन् पावतीवर छापेल हाये, माल दुकानाबाहेर गेला का आमची जबाबदारी नाई."

पावतीवर माहीच सही. मले धड वाचता कुठी येते? मी घाबरूनच गेली.

मंग गल्लीतल्या वकीलकाकांनी भिंगातून कडी पाह्यली. म्हनाले, "सूनबाई, चीर त्याला माहीत होती, म्हणून तर बुजवली. जाणूनबुजून लपवलेल्या दोषाला पावती वाचवत नाही. कोर्टात उभा करू त्याला."

मले तं अंगात दहा हत्तींचं बळ आलं. पन पाळनेवाला म्हनते, एकच कडी खराब निघाली. दुसरी सापडली का त्याचं तोंड बंद.

तुमच्या घरी हाये का तो पाळना? लेकरू निजलं असन तं आधी उचला, रडलं तं रडू द्या. मंग कडीचा रंग खरवडा.