परत येण्याचं कारण

बहीण सायप्रसला होती. जावई तिथल्या एका हॉटेलात स्वयंपाकी. तिला सातवा लागला होता आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. म्हणून बाळंतपणाला लेक माहेरी येण्याऐवजी माहेरानंच तिकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे माय. वडील गेल्यापासून ती जेवायला बसायची तेही मी सांगितल्यावर.

सडक अर्जुनीच्या इंटरनेटवाल्याकडून प्रवाशांसाठीच्या सूचना छापून आणल्या आणि तिला वाचून दाखवल्या. दुपारी उन्हात फिरू नये, भरपूर पाणी प्यावं.

"हे तं आपल्याच गावचं लिवलं हाय," माय म्हणाली.

पुढं होतं, दूध-तुपाचे पदार्थ नेण्यास मनाई.

"तूप नाही तं बाळंतीन कशी सावरन?" दुसऱ्या दिवशी तिनं जवसाच्या तेलात लाडू करून पाहिले आणि एक चाखून बाकीचे गाईला चारले.

गोंदियाच्या व्हिसा-एजंटची अडचण वेगळी होती. "माताजी के नाम पे यहाँ कुछ है क्या? वापस आने का कारण दिखाना पड़ता है." शेती अजून वडिलांच्याच नावावर. तलाठ्याकडे खेटे घालून वारस म्हणून तिचं नाव चढवलं, सातबाऱ्याचं इंग्रजी करून घेतलं. इटियाडोह धरणाच्या पाण्यावरची आमची धानाची बांधी इंग्रजीत भलतीच भारदस्त दिसत होती.

तोवर गावानं मायचा सत्कार उरकून घेतला. शाल, नारळ, आणि नागपूरपलीकडे न गेलेल्या पुढाऱ्याचं परदेशावर भाषण. लाइट गेली, माइक बंद पडला, तेव्हा कुठं मायच्या चेहऱ्यावर जरा सुटका दिसली.

अर्ज नामंजूर झाला. अर्जदार मायदेशी परतेल याची खात्री पटत नाही, एवढंच कारण.

त्या संध्याकाळी मायनं बहिणीला फोनवरच शेक कसा घ्यायचा ते सांगितलं, न्हाऊ घालताना बाळाला पायांवर कसं निजवायचं तेही सांगितलं. तिकडून रडणं ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "कायले नाही म्हन्तेत, बापू?"

"तू वापस येनार नाही म्हन्तेत!" मी चिडलो होतो. "घर हाय, वावर हाय, मी हावो. तुले पाहिलं नाही, देखलं नाही, अन् म्हने येनार नाही!"

तिनं तो इंग्रजी सातबारा घडी करून ठेवला.

"खरंच म्हन्तेत ना," ती म्हणाली. "मी कायले आली असती वापस?"

मी तिच्यासमोरच उभा होतो.