आक्काचा रविवार

"हक्काचं हाय, मागायला लाज कसली?" असं म्हणून आक्का पदर कमरेला खोचायची आणि मेट्रनबाईंच्या टेबलापुढे जाऊन उभी राहायची. आवाज कधी चढवायची नाही. मेट्रनबाई म्हणायच्या, "बघते हं." आक्का "बरं" म्हणून वॉर्डात परत यायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

आक्का मागायची काय, तर रविवार.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. नवी मुंबईत नोडामागून नोड, म्हणजे एकेक नवी वसाहत, वसत होते, माणसं येत होती, आणि आमचं सरकारी हॉस्पिटल रोज थोडं जास्तच भरत होतं. मी नवी नर्स, आक्का माझी सिनियर. साताऱ्याकडची. कागदावर आम्हाला सगळं होतं. आठ तासांची ड्युटी, आठवड्याची सुट्टी, सणाला काम केलं तर बदली सुट्टी. पण जागा भरलेल्या नव्हत्या. पुढच्या पाळीची नर्स आली नाही, की आदल्या पाळीचीच थांबायची. बदली सुट्ट्या साचायच्या आणि मुदत संपली की बाद व्हायच्या.

आक्काचा नवरा भाजीच्या मार्केटात माथाडी होता. तो पहाटे घर सोडायचा. मार्केट रविवारी बंद. आक्काची सुट्टी कधी मंगळवारी, कधी गुरुवारी. "जुईनगरला आमी दोघं ऱ्हातो," ती सांगायची, "पर पाळीपाळीनं. संसार बी शिफ्टमधीच चाललाय." आम्ही हसायचो, तीही हसायची. मूलबाळ नव्हतं. घरी दोघंच, आणि त्या दोघांची गाठ पडणं मुश्कील.

एकदा एक मोठे साहेब वॉर्ड बघायला आले. नव्या चादरी घातल्या होत्या, फिनेलचा वास घमघमत होता. साहेबांनी विचारलं, "काही अडचण?" आम्ही सगळ्या माना हलवून "नाही सर." आक्का म्हणाली, "साहेब, रविवार पायजे."

"रविवारी काय आहे?"

"काय न्हाई. म्हनूनच पायजे."

साहेब खो खो हसले. "अहो, देऊन टाका बाईंना एक रविवार!" मेट्रनबाईंचा चेहरा पडला, पण रविवार मिळाला. आक्काने नवऱ्याला मटण आणायला धाडलं. भाकरी तव्यावर असतानाच हॉस्पिटलची जीप दारात. गॅस्ट्रोचे पेशंट आले होते, खाटा कमी पडून जमिनीवर झोपवले होते. नवरा म्हणाला, "जा तू. मी ठेवतो झाकून." दुसऱ्या दिवशी तिने हे आम्हाला हसत सांगितलं. तेव्हा आम्हालाही ती गंमतच वाटली.

पुढच्या हिवाळ्यात मार्केटात बटाट्याच्या गोण्यांची थप्पी त्याच्या अंगावर कोसळली. पाठीचा कणा गेला. कमरेखाली काही कळेना. आमच्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर त्याला ठेवलं. लोक म्हणायचे, "आक्का, आता तरी रोज भेट होते." ती जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन वर पळायची, त्याला भरवायची, स्वतः तशीच खाली यायची.

इथे आणखी काही होण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी बघायला कुणी नव्हतं, म्हणून दिराने त्याला गावी नेलं. आक्काने रजा मागितली. हक्काची रजा तिच्या नावावर भरपूर शिल्लक होती. उत्तर आलं, रुग्णसेवेची निकड, रजा नामंजूर.

महिन्या-दीड महिन्याने ती जेमतेम एक दिवस गावी जाऊन आली. आल्यावर चेंजिंग रूममध्ये बाकावर बसून राहिली. मी पाणी दिलं. ते हातातच धरून म्हणाली, "पाठ सडलीया गं त्याची. जाऊबाई करती, पर तिला शेतबी हाय. दर दोन तासानं कुशीवर कोन वळवनार? हितं मी लोकांची मानसं वळवती पोरी. माज्या मानसाला वळवायला मला रजा न्हाई."

त्या दिवशी ती मेट्रनबाईंकडे गेली तेव्हा मी सोबत होते. मेट्रनबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुला पाठवलं तर वॉर्डात कोण? सांग मला. माझ्याकडे बायकाच नाहीत गं. मी स्वतः गेल्या दिवाळीपासून सुट्टी घेतलेली नाही." त्या रडत होत्या. आता भांडावं तरी कुणाशी? आक्काने त्यांचाच हात थोपटला आणि म्हणाली, "मग मी नोकरीच सोडती बाई."

"पेन्शनीला थोडीच वर्षं राहिलीत तुझी."

"तवर त्यो ऱ्हातोय व्हय?"

शेवटच्या दिवशी तिची सकाळची ड्युटी होती. दुपारच्या एसटीने न्यायला दीर आला होता. तो गेटजवळच्या बाकावर बसला. शेजारी तिची ट्रंक आणि वाशीतून घेतलेली हवेची गादी. दुपारच्या पाळीची नर्स मात्र आली नाही. निरोप आला, तिच्या मुलाला ताप आहे. मी थांबते म्हणाले, पण मला आधीच शेजारच्या वॉर्डाचा चार्ज दिला होता. मेट्रनबाई वॉर्डाच्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. आक्कानेच ओळखलं. पदर खोचला, दिराला चहाला पाठवलं, आणि लकवा झालेल्या एका म्हातारीला कुशीवर वळवायला घेतलं. पाठीला पावडर लावली, चादरीची सुरकुती हाताने काढली. म्हातारीला तोंड फिरवता येत नव्हतं, म्हणून आक्काच पलीकडे जाऊन तिच्या नजरेसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "जाती हां आजी."

दुपारची एसटी गेली. ती पाळी संपवून रात्रीच्या गाडीने गेली.

गावात फोन नव्हता. त्याची पाठ भरून आली का, तो किती जगला, आम्हाला काहीच कळलं नाही. वॉर्डातल्या आम्ही चौघींनी तिला भेटायला जायचं ठरवलं होतं. एका दिवसात जाऊन येण्यासारखं गाव. पण चौघींना एकाच दिवशी सुट्टी कधी मिळालीच नाही. मग चौघींतली एक बदली होऊन गेली, दुसरी लग्न करून नाशिकला गेली, आणि जायचं राहूनच गेलं.