उजवी जरा खाली

जुलैच्या बाई दोन्ही हातांनी एकदम चित्र काढायच्या. म्हणजे उजवा हात दमला की डावा, असं नव्हे. दोन्ही हातांत एकेक खडू, आमच्याकडे पाठ, आणि दोन मूत्रपिंडं एकाच दमात फळ्यावर उतरायची. वरून सुरुवात, बाहेरून वळसा, आत खोबण, खाली दोन नळ्या. आम्ही पोरं तोंड उघडं टाकून बघत बसायचो. खोटं कशाला बोलू, मी आजवर बरेच मोठमोठे सर्जन जवळून पाहिले, पण असे हात दुसरे पाहिले नाहीत.

पहिल्या दिवशी मी आगाऊपणा केलाच. डावीकडचं मूत्रपिंड किंचित खाली उतरलं होतं. "बाई, हात घसरला. डावीकडचं खाली गेलं," मी म्हणालो. बाई वळल्या. "ते उजवं आहे." "डावीकडे आहे ना पण?" "उजवं म्हणजे कुणाचं उजवं? तुझं की त्याचं?" असं म्हणून त्यांनी फळ्यावर न काढलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. "तो तुझ्याकडे तोंड करून उभा आहे. त्याच्या उजव्या बाजूला यकृत. यकृत मोठं, त्याला जागा लागते. म्हणून उजवी किडनी जरा खाली. पाठ करू नकोस, त्याच्या जागी उभा राहून बघ." मी खरंच उठून फळ्याला पाठ लावून उभा राहिलो. पोरं हसली. बाई हसल्या नाहीत.

बाईंचं नाव वेगळं होतं, पण परळ-लालबागमध्ये कुणालाही 'जुलैच्या बाई' म्हटलं की पुरे. परळच्या एका कॉलेजात त्यांनी अकरावी-बारावीला जीवशास्त्र आणि पर्यावरण शिकवलं आणि रिटायर झाल्यावर दादरच्या आपल्या घरी शिकवणी सुरू केली. अट एकच, मुलगा नापास झालेला हवा. फेब्रुवारीत आपटलेली आणि जुलैच्या फेरपरीक्षेला बसणारी पोरंच त्या घेत. हुशार पोरांचे आईबाप गाडी घेऊन यायचे, त्यांना दारातूनच वाटेला लावायच्या. "तुमचा मुलगा माझ्याशिवायही पास होईल हो. मला वेळ नाही," इतकं सरळ.

मी सगळ्या विषयांत पास आणि एकट्या जीवशास्त्रात गचकलेला. आमची आई डबे करायची. तिने हातातलं लाटणं खाली न ठेवताच विचारलं, "मेल्या, गणितात पास झालंस आणि झाडापानांत नापास? होता तरी कसो माणूस असो?" तेव्हा मलाही ते कोडंच होतं. मी तर अख्खा अपेक्षित प्रश्नसंच तोंडपाठ केला होता. बाईंनी ते पंधरा मिनिटांत सोडवलं.

बारावीच्या प्रॅक्टिकलला 'स्पॉटिंग' नावाचा एक प्रकार असतो. टेबलांवर वस्तू मांडलेल्या, प्रत्येकीसमोर चिठ्ठी. घंटा झाली की ओळखायचं, लिहायचं, आणि पुन्हा घंटा झाली की पुढच्या टेबलाकडे सरकायचं. बाई याची तालीम स्वयंपाकघरात घ्यायच्या. ओट्यावर बुरशी आलेला पाव, उभी चिरलेली जास्वंद, कल्ले उघडलेला बांगडा, खाटकाकडून आणलेला बकऱ्याचा गुर्दा, मोड आलेले हरभरे. बाई दारात स्टीलचं ताट धरून उभ्या, आणि पळीचा टोला पडला की आम्ही एकेक पाऊल पुढे. बांगडा ओळखून झाला की संध्याकाळी कालवणात. बाई म्हणायच्या, "माझ्या घरात कुठलाच नमुना वाया जात नाही."

पावाच्या बुरशीसमोर मी भराभर लिहिलं, 'आढळ: ओलसर जमीन, सडका पालापाचोळा.' बाईंनी कागद वाचला, मग पाव उचलून माझ्या नाकासमोर धरला. "ओलसर जमीन कुठेय रे यात? मला तर पाव दिसतोय. हा चार दिवसांपूर्वी समोरच्या बेकरीतून आणला आणि डब्यात विसरला." मी म्हणालो, "बाई, पुस्तकात तसंच आहे." "पुस्तक लिहिणाऱ्याने त्याची बुरशी बघून लिहिलं. तू माझी बघून लिही. आधी बघ, मग बोल." मी नापास का झालो ते मला त्या पावाने सांगितलं. मी प्रश्नच वाचत नव्हतो, प्रश्न ओळखीचा वाटला की उत्तर ओकत होतो.

पर्यावरणाच्या प्रकल्पाचंही तेच. बाकी सगळीकडे पोरं दुकानातून तयार प्रकल्प आणायची, नाव बदलायची, झालं काम. बाईंचा हुकूम होता की घराच्या खिडकीतून दिसणारं एक झाड निवडायचं आणि रोज बघायचं. लालबागला आमच्या खिडकीतून झाड कुठलं दिसायला? दिसायचा तो ड्रेनेजच्या पाइपातून उगवलेला वीतभर पिंपळ. मी तो लाजत लाजत सांगितला आणि बाई इतक्या खूश झाल्या की लगेच चहा टाकला. "मातीशिवाय जगणारं झाड मिळालंय तुला, नशीबवान आहेस!" त्यावर येणाऱ्या मुंग्या, कावळ्याने टाकलेलं माशाचं हाडूक, सगळं मी लिहीत गेलो. एक दिवस सोसायटीच्या सेक्रेटरीने पाइप फुटेल म्हणून तो उपटून टाकला. मी रडवेला होऊन गेलो, प्रकल्प बुडाला म्हणून. बाई म्हणाल्या, "बुडाला कुठे? लिही, परिसंस्थेत सेक्रेटरी पण येतो."

दोन हातांचं रहस्य आम्ही एकदा विचारलंच. "मी डावखुरी," बाई म्हणाल्या. "शाळेत बाईंनी पट्टी मारून उजव्या हातात पेन दिलं. दिवसा उजव्याने लिहायचे आणि घरी कुणी नसलं की डाव्याने चित्रं काढायचे, चोरून. दोघांनाही कामाची सवय लागली, मग मोडली नाही." एवढं सांगून त्या पुन्हा फळ्याकडे वळल्या. मला त्या वयातही वाटलं की माणसाने असं असावं, कुणी काही हिसकावून घेतलं तरी तक्रार न करता दुप्पट होऊन परत येणारं.

त्या जुलैत मी पास झालो. आईने बाईंना डबा पाठवला, मला मात्र बाईंनी डबा परत करायला म्हणून बोलावून घेतलं. "पुढे काय?" मी म्हणालो, डॉक्टर तर काही होता येणार नाही. "डॉक्टर हो म्हणून कोण म्हणालं? तुला आता बघता येतं. बघणारा माणूस लागतो असं काम शोध." मी शोधलं. परळच्या एका हॉस्पिटलात मी डायलिसिसचा टेक्निशियन झालो. ज्यांची मूत्रपिंडं थकली त्यांचं रक्त मशीनमधून गाळून परत अंगात सोडायचं, हे माझं काम. नव्या पेशंटला सुई लावताना आजही मनात पहिलं वाक्य येतं ते बाईंचं, उजवं म्हणजे कुणाचं उजवं.

आणि एका सकाळी व्हीलचेअरवरून बाईच आल्या. पाय सुजलेले, चेहरा फिकट, मांडीवर कापडी पिशवी. माझ्या हातातली नळी तशीच राहिली. "काय रे नीलेश," बाई म्हणाल्या, "हे तुझं प्रॅक्टिकल वाटतं?" दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. मी तोंड फिरवून मशीनची बटणं उगाच दाबत राहिलो, कारण डोळे भरून आले होते आणि पेशंटसमोर रडायचं नसतं.

"रक्त या बाजूने जातं आणि पाणी त्या बाजूने. उलट दिशेने का?" पहिल्याच खेपेला, गळ्यात तात्पुरती नळी असताना, त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "बाई, आराम करा." "उत्तर येत नाही का?" मी उत्तर दिलं. सबंध वाटेत रक्ताला आपल्याहून स्वच्छ पाणी भेटत राहावं म्हणून. बाईंनी डोळे मिटले. "बरोबर. आता सांग, मला सकाळची पाळी मिळेल का? दुपारी पोरं येतात." डॉक्टर जवळच होते. म्हणाले, "मॅडम, शिकवणी बंद. शरीराला झेपणार नाही." बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "डॉक्टर, जुलै तोंडावर आलाय. ही पोरं एकदा पडलेली आहेत, दुसऱ्यांदा पडली की उठत नाहीत. एवढा जुलै मला पार करून द्या, मग तुम्ही म्हणाल तसं." त्या दिवसापासून आमच्या अख्ख्या युनिटला एकच घोर लागला, बाईंचा जुलै पार व्हायला हवा.

कायमच्या डायलिसिससाठी हातात फिस्टुला करावा लागतो, म्हणजे मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना जोडायची. मग त्या हाताने वजन उचलायचं नाही आणि आठवड्यातून तीनदा चार-चार तास सुया टोचून तो निपचित ठेवायचा. म्हणून जो हात कमी वापरात असेल तो निवडतात. सर्जनने नेहमीचा प्रश्न विचारला, "काम कुठल्या हाताने करता?" बाई म्हणाल्या, "दोन्ही." सर्जन हसला, त्याला गंमत वाटली. मला वाटली नाही. मी त्या फळ्यासमोर बसलेलो होतो. बाईंनी दोन्ही हात चादरीवर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग डावा पुढे केला. "याने पुष्कळ वर्षं चोरून काम केलं. आता याला उघड बसू दे." मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकलं. काय बाई होती हो!

फिस्टुला तयार झाला की त्या जागी बोट ठेवल्यावर आत भुंगा फिरल्यासारखी थरथर लागते. धमनीचं जोराचं रक्त शिरेत घुसतं त्याची ती थरथर. प्रत्येक खेपेला सुई लावण्याआधी मी ती बोटाने तपासायचो. बाई विचारायच्या, "आहे ना भुंगा?" मी म्हणायचो, "आहे, बाई." "मग वर्ग आहे."

प्रॅक्टिकलच्या आधीच्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं, पळी वाजवायला. त्यांना आता उभं राहवत नव्हतं. ओटा तसाच मांडलेला होता, पाव, जास्वंद, बांगडा, गुर्दा. शेवटचा नमुना मात्र ओट्यावर नव्हता. शेवटी खुर्चीवर बाई स्वतः बसल्या होत्या. डावा हात टेबलावर उताणा आणि शेजारी चिठ्ठी, 'स्पर्श करून ओळखा. कारण लिहा.' माझ्या हातातली पळी खाली पडली. "उचल, वेळ चाललाय," बाई म्हणाल्या.

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतून येणारी ऋतुजा त्या हातापाशी आली. घाबरत बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं. "बाई, दुखतं का तुम्हाला?" "नमुना बोलत नाही. ठेव बोट. कुठून कुठे चाललंय ते बघ." ऋतुजाने डोळे मिटून पुन्हा बोट ठेवलं आणि ठेवूनच राहिली. ताटावर टोला मारायची वेळ उलटून गेली. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, राहू दे म्हणून. एवढ्या वर्षांत घंटा त्यांनी पहिल्यांदाच थांबवली.

जुलै पार पडला. शेवटच्या पेपरनंतर पोरं घरी आली, बाईंनी प्रश्नपत्रिका वाचून घेतली आणि शेवटचा प्रश्न वाईट काढलाय म्हणून बोर्डाला दोन शिव्या दिल्या. त्यानंतरच्या आठवड्यात सकाळच्या पाळीला त्यांची खुर्ची रिकामी होती. शेजाऱ्यांचा फोन आला तसा मी युनिफॉर्मवरच दादरला धावलो. बाई पलंगावर शांत झोपल्या होत्या, डॉक्टर येऊन कागद करून गेले होते. काय झालंय ते मला माहीत होतं, तरी मी सवयीने डाव्या मनगटावर बोट ठेवलं. भुंगा नव्हता. मी तिथेच बसून मोठ्याने रडलो, आईच्या वेळीही इतका रडलो नव्हतो.

निकाल लागला. सगळी पास, ऋतुजा राहिली. तीन मार्कांनी. ती हॉस्पिटलच्या दारात येऊन उभी राहिली, माझी पाळी सुटेपर्यंत. "सर, आता मी कुणाकडे जाऊ?" मी म्हणालो, मी सर नाही, मी सुया टोचणारा माणूस. मला शिकवता येत नाही. ती दारातून हलली नाही. बाईंच्या भाचीकडून मी दादरच्या घराची किल्ली मागून आणली.

फळ्यावर बाईंचं अर्धवट पुसलेलं काहीतरी होतं, ते मला पुसवेना. बाजूच्या मोकळ्या जागेत मी एका हाताने, एकामागून एक, दोन मूत्रपिंडं काढली. आयुष्यभर रोज मूत्रपिंडांचंच काम करणारा मी, पण त्या खोलीत मला काही म्हणता काही सुचत नव्हतं. दोन्ही नीट, सारखी, एका रेषेत आली. मी खडू ठेवून मागे वळलो.

ऋतुजा जागेवरून उठली होती. माझ्याशेजारी येऊन ती फळ्याला पाठ लावून उभी राहिली, आमच्याकडे तोंड करून असलेल्या त्या माणसाच्या जागी. मग तिने स्वतःच्या उजव्या कुशीवर हात ठेवला.

"सर," ती म्हणाली, "उजवी जरा खाली."