पेशीवाल्या टीचर

आमच्या डिचोलीच्या शाळेत पेशीवाल्या टीचर हजेरी घेण्याआधी विचारायच्या, "सकाळी काय खाऊन आलात?" कुणी चहा-पाव म्हटलं की कपाळाला हात लावायच्या. "अरे, तांबडी भाजी खा! अंगात लाखो पेशी एकीच्या दोन होताहेत. त्यांना काय नुसत्या पावावर ठेवणार?"

जीवशास्त्र शिकवताना त्या फळ्यावर मोठी पेशी काढत आणि तिच्या कडेला बारीक बारीक दारं. "निवांत पेशीला चार दारं पुरतात. वाढायची वेळ आली की ती दारं वाढवते, पालेभाजीतलं फोलिक ॲसिड आत ओढून घेते. भरपूर मिळालं की पुन्हा कमी करते. तिला कुणी सांगत नाही हां! आपलं आपण ओळखते." हे सांगताना त्यांचा आवाज घरच्या मुलीविषयी बोलावं तसा व्हायचा.

त्यांच्यामुळेच मी लॅब टेक्निशियन झाले. गेल्या वर्षी त्या आमच्याकडे रक्त तपासायला आल्या. खूप थकवा होता, दंडावर काळेनिळे डाग. स्लाइड मीच लावली. मोठाल्या, कोवळ्या पांढऱ्या पेशी, एकीला खेटून एक. मला मान वर करवेना.

"सरक गो बाय, मला बघू दे."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "किती घाई गो ह्यांना," एवढंच म्हणाल्या.

इस्पितळात रक्ताच्या कॅन्सरवर जे औषध सुरू झालं ते घडणीने फोलिक ॲसिडसारखंच. पेशी ते जीवनसत्त्व समजून आत घेते आणि तिचं वाढणं अडतं. हे कळल्यावर टीचर आजारपणात पहिल्यांदा हसल्या. "फसवतात गो तिला!" तोंड येऊन पेजही गिळवेना, केस गेले, तरी प्रत्येक रिपोर्ट मला फोनवर वाचून दाखवायच्या. तीन महिने तो सुधारत गेला.

मग फोन थांबले. मी कोरगावला त्यांच्या भावाच्या घरी गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"पेशींनी औषध आत घेणंच कमी केलं," त्या म्हणाल्या. "ज्या दारांनी ते आत जायचं, तीच दारं कमी केली."

"दुसरं औषध असेल, टीचर."

"दिलं. तेही लागू पडलं नाही."

वहिनींनी पेज आणून ठेवली. ती निवून गेली. टीचर हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं मुलांपुढे कौतुक केलं गो मी ह्या पेशीचं," आणि चादर तोंडावर ओढून घेतली.

मी त्यांना धीर द्यायला गेले होते. निवलेली पेज उचलून परत गरम करायला नेली. पाचव्या दिवशी त्या गेल्या.