काचेकडे पाठ

मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात आजारी नातीसाठी मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर बसायचे. शेजारी जवळच्याच मुर्धा गावची एक बाळंतीण असायची, कान घट्ट बांधून, काचेकडे पाठ करून. गरोदरपणात तिला कोरोना झाला होता. ती बरी झाली. बाळाच्या हृदयाला मात्र सूज होती.

"मावशी, बघा ना, हलतोय काय?"

"पाय हलवतोय," म्हटलं की बाकाची कड धरलेली तिची बोटं सैल व्हायची.

"तूच बघ की."

"डॉक्टर बोल्ले, त्याला कोरोना न्हाय, माझ्याच अंगातलं कायतरी त्याला बाधलं. आता नजर पन माझीच नको लागायला."

आईची नजर आधी लागते, हे मीही मानत आलेय. मीच पुन्हा काचेतून बघितलं.

गुरुवारी बाळ गेलं. नर्सनं ते तिच्या मांडीवर दिलं, तेव्हा तिनं त्याला डोळे भरून बघितलं.