दोघींचा एक पेपर

शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बसलं की मला हटकून डुलकी येते. कर्जतच्या त्या हॉलमध्ये पंखा डोक्यावर घरघरत असतो आणि समोर कुणीतरी सांगत असतं, की आकारिक मूल्यमापन म्हणजे मूल शिकत असताना त्याला ओळखणं आणि संकलित म्हणजे सत्र संपल्यावर त्याला जोखणं. मुलांना तपासायचं ते त्यांना पुढे नीट शिकवता यावं म्हणून, हेही न चुकता सांगतात. मला ते शंभर टक्के पटतं. पटतं म्हणूनच चीड येते.

मी भिसेगावात राहते. शाळा कोंडाणे लेण्यांच्या बाजूला, ठाकर आदिवासींच्या एका वाडीत. पाचवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली आणि नापास झालेल्यांना त्याच वर्गात बसवायचं ठरलं, त्यानंतरची ही गोष्ट. माझ्या पाचवीत दोन मुली होत्या, शेजारशेजारच्या घरांतल्या. एक गणितात भलतीच तल्लख, दुसरी बेताची. तल्लख पोरीच्या बापानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "पास झाली तं आश्रमशाळेत घालतो, बाई. नाय तं कामावं नेतो. घरात एकटी कुठं ठेवू?" त्याचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. म्हणून वर्षभर मी त्या पोरीच्या मागे हात धुऊन लागले.

पण वाडीची म्हणून एक रीत आहे. करवंदं काढायला बायका-मुली रानात एकत्र जातात आणि सगळ्यांच्या पाट्या भरल्याशिवाय कुणी डोंगर उतरत नाही. जिची आधी भरते ती दुसरीच्या पाटीत टाकायला लागते. वर्गातही तेच चालायचं. तल्लख पोर आपली गणितं झाली की मैत्रिणीच्या पाटीकडे सरकायची आणि तिला समजावत बसायची. माझ्या रोजच्या नोंदींत याला छान जागा होती, 'इतरांना मदत करते' अशी. ते मी मनापासून लिहिलं होतं.

वार्षिक परीक्षेला देखरेख करायला दुसऱ्या शाळेतले गुरुजी आले. मला वर्गाबाहेर बसायला सांगितलं. गणिताच्या पेपराला तल्लख पोरीचं लिहून झालं, मैत्रिणीचं अडलं होतं. पोरीनं आपला पेपर उचलला, सरळ तिच्यापुढे ठेवला आणि मोठ्यानं समजावायला लागली. लपूनछपून काही नाही. गुरुजींनी दोघींचे पेपर काढून घेतले.

मी आत जाऊन भांडले. "ही कॉपी नाही हो, वाडीची पद्धत आहे ही!"

"मॅडम, पद्धत घरी. इथं प्रत्येकाचं वेगळं तपासायचंय," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. नियमाला धरून बोलत होता.

कॉपी धरून गणितात दोघी नापास. फेरपरीक्षा जूनमध्ये होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत बेताच्या मुलीचे आईबाप तिला घेऊन मोहोपाड्याला बांधकामावर गेले. मी तिच्या बापाला फोन लावून लावून थकले. शेवटी आईनं उचलला. "आमी हितंच ऱ्हातो आता. ती बारक्याला सांबाळते," म्हणाली आणि ठेवून दिला.

फेरपरीक्षेला देखरेखीला मीच होते. तल्लख पोर वेळेवर आली. केस चापून बसवलेले, नवी पेन्सिल. पेपर दिला तो तिनं वाचला. गणितं सोपी होती, तिला डाव्या हातचा मळ. तरी ती दाराकडे बघत बसली.

"लिही ना गं."

"ती येऊंदे."

"ती नाही यायची. मोहोपाड्यालाच राहिलीत ती माणसं. तू तुझं लिही."

तिनं मान हलवली. मला वाटलं, कळलं. पण पेन्सिल काही उचलली नाही. मी समजावलं, दटावलं, शेवटी हात जोडले. सहावीत जायचंय ना, आश्रमशाळेत मुली आहेत, नव्या मैत्रिणी मिळतील, काय काय म्हणून बोलले. ती ऐकून घेत होती. रुसलेली नव्हती, घाबरलेलीही नव्हती. करवंदाच्या जाळीपाशी थांबतात तशी थांबली होती. वेळ संपली तेव्हा तिनं कोरा पेपर माझ्या हातात दिला. मला रडू फुटलं आणि तिच्यासमोरच फुटलं.

बाप बाहेर पायरीवर बसला होता. माझं तोंड बघून त्याला काय ते समजलं. तरी विचारलं, "ऱ्हायली?"

"हो. पण पुन्हा पाचवीला बसू दे. मी घेते तिची जबाबदारी."

"नको बाई. आमीबी मोहोपाड्यालाच चाललोय आता. तितंच काम हाय."

पोरीनं ते ऐकलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "तिच्याकडं?" तिनं बापाला विचारलं.

"तिच्याकडंच. शेजारीच ऱ्हायचं."

ती बापाच्या पुढे पळत सुटली, वळून मला हात केला, हसली. इतकी खुशीत मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती. मी हात वर केला खरा, पण मला तो आनंद बघवला नाही.