अंगठ्याखालची शीर

दौंडच्या व्यापाऱ्याने मला फसवले. ओलीत पडून राहिलेली सुरुंगाची वात त्याने नवी म्हणून माझ्या गळ्यात मारली. मजुरी करत करत मी विहिरी खोदणारा ठेकेदार झालो होतो; माल पारखण्याचा मला गर्व होता, त्यामुळे ही फसवणूक अधिकच झोंबली.

शिरूरजवळच्या एका विहिरीत आम्ही सुरुंग पेटवून लांब जाऊन बसलो. बार होईना. "मालक, दम धरा जरा," गडी म्हणाले. मी व्यापाऱ्याला शिव्या देत काठावर जाऊन वाकलो. वात विझली नव्हती, आत धुमसत होती. जमीन हादरली, एक कान बंद झाला आणि दगडाची कपची मानेत घुसली. जखम हरभऱ्याएवढी, पण रक्त उसळ्या मारत होते. वाटेने चाललेला एक मुलाणी धावत आला. गावोगाव बकरी कापणारा, कुणाच्याच ओळखीचा नव्हता. त्याने जखमेवर अंगठा रोवला.

"हलू नगा, दादा. ही शीर रोज माझ्या सुरीखाली असती. आज अंगठ्याखाली हाय."

मी ओरडायला गेलो, तसा तो म्हणाला, "शिव्या मनातल्या मनात द्या. तोंड उघडलं की रगात वाढतंय."

गड्यांनी मला ट्रकमध्ये घातले; शिरूरच्या दवाखान्यापर्यंत फळ्यांवर तो तसाच बसून राहिला. ट्रक खड्ड्यांतून उसळत होता, पण अंगठा सुटला नाही. मी खंडोबाला नवस बोलू लागलो. 'वाचव, म्हणजे तुला अमुक देईन,' हे जन्मभराचे बोलणे मनात जुळेना. देण्यासारखे माझ्याजवळ काहीच उरले नव्हते. तेव्हा मी पहिल्यांदाच घासाघीस सोडली. 'तुझ्या हातात आहे,' एवढेच म्हणालो, आणि कधी न लाभलेली शांतता आत उतरली.

डॉक्टरांनी फाटलेली धमनी बांधली. "अंगठा निसटता, तर तुम्ही इथवर आला नसता," ते म्हणाले. मी शुद्धीवर आलो तेव्हा तो निघून गेला होता. नावही सांगून गेला नाही. ज्या हाताला ती शीर कापायची सवय, त्याच हाताने माझी शीर धरून ठेवली. आठवले की आजही अंगावर काटा येतो. मी त्या अंगठ्यापुढे मनोमन वाकतो.

माझ्यापुरता राग मी देवाच्या पायाशी ठेवला आहे. पण शेटजी, तीच वात तुम्ही अजून विकता. उद्या दुसरा कोणी विहिरीवर वाकेल, तेव्हा त्याच्या मानेवर अंगठा कोण ठेवणार? याचे उत्तर तुम्ही द्यायचे आहे.